तिसऱ्या खोलीचा टीव्ही

बोरगाव मेघे
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, दुपारचे अडीच

प्रिय सुरभीताई,

आतल्या खोलीच्या भिंतीत शेवटचा स्क्रू पिळून आत्ताच स्टुलावरून उतरलो, हात धुतले आणि लिहायला बसलो. आपल्या घरात तीन नवे टीव्ही आले आहेत. वजनकाट्यावर पावत्या लिहिणाऱ्याला हे खूळ कुठून सुचलं, असं म्हणशील.

जुना टीव्ही बाबांनी फोडला. लकवा मारल्यापासून त्यांचा उजवा हात उठत नाही, पण डावा चालतो. वरण आणायला उशीर झाला म्हणून त्यांनी पितळेचा तांब्या भिरकावला. तो आईच्या कानाजवळून जाऊन काचेत घुसला. आई काचा वेचताना म्हणाली, "डावा हात अजून शिकून राह्यला, म्हणून वाचली." आणि हसली. तिचं ते हसणं तुला माहीत आहे.

दुकानात मी प्रत्येक टीव्हीचा आवाज तपासला. तिथला पोरगा मोठ्या आवाजाचं कौतुक सांगत होता आणि मी सगळ्यात कमी आवाजाचा मागत होतो. तो म्हणाला, "भाऊ, लोक आवाजाचे पैसे देतेत, तुम्हाले मुका टीव्ही काऊन पाह्यजे?" त्याला काय सांगणार? बाबा उठून आधी टीव्हीचा आवाज वाढवायचे, मग कमरेचा पट्टा काढायचे. शेजारच्या कमलाबाईंना वाटायचं, आपल्याकडे सिनेमा लागला आहे. आवाज वाढला की तू माझं मनगट धरून मला संडासामागे न्यायचीस आणि पाढे म्हणायला लावायचीस. एकदा त्यांनी आईचं डोकं टीव्हीवर आपटलं, तेव्हा बातम्या सांगणाऱ्या बाईच्या तोंडावरून रक्त ओघळत होतं आणि ती बोलतच होती. ती काच तूच फडक्याने पुसलीस. कुठेही आवाज वाढला की अजून मी पाढे म्हणायला लागतो.

म्हणून शनिवारी दोन टीव्ही आणले. बाबांच्या खोलीत मोठा, पण त्याचा आवाज फक्त कानात घालायच्या वायरीतून येतो. ते शिव्या देतात, देऊ दे. आईचा छोटा स्वयंपाकघरात. भिंतीवर नको, फळीवर ठेव म्हणाली, त्यामुळे टांगायची लोखंडी पट्टी उरली. रिमोट हातात दिला तर तिने तो पदराने पुसला, आवाज पार बंद केला आणि तासभर नुसती चित्रं पाहत बसली. मग दाराकडे बघत हळूच थोडा वाढवला. काल तिसरा आणला तेव्हा तिने विचारलं, "हा कोणाले रे?" मी तो आतल्या खोलीत नेऊन ठेवला. तिने ती खोली सारवल्यासारखी स्वच्छ पुसून काढली.

ताई, रविवारी मी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, सगळं बरं आहे. तेवढ्यात तुझ्या मागे टीव्हीचा आवाज वाढला. भर दुपारी, एकदम, शेवटपर्यंत. तू घाईने म्हणालीस, "ठेवते रे, सिनेमा लागला." सिनेमा तू मला सांगतेस? ती उरलेली पट्टी पिशवीत घालून मी बसस्टँडवर गेलो. भाऊजींच्या डोक्यात ती नेमकी कुठे घालायची, तेही ठरलं होतं. तुमच्या अल्लीपूरची गाडी लागली, मी पायरीवर पाय ठेवला, आणि वाटलं, मी तुरुंगात गेलो तर तुला आणायला कोण जाईल? परत आलो. त्याच पट्टीवर आज तुझा टीव्ही टांगला आहे. तुझा फोन भाऊजी तपासतात, म्हणून हे पत्र तुमच्या गावात पापड विकायला येणाऱ्या मनकर्णाबाईंच्या पिशवीतून पाठवतो. वाचून चुलीत टाक. शुक्रवारी भाऊजी कापूस घेऊन हिंगणघाटला जाणार, असं मनकर्णाबाईंनीच सांगितलं. ते निघाले की गावाबाहेरच्या वळणावर ये. बंडूजींचा ऑटो तिथे उभा असेल आणि मी आत बसलेला असेन. कपडे गोळा करत बसू नको. खोलीच्या दाराला आतून कडी बसवली आहे. रिमोट तुझ्या उशाशी ठेवला आहे.

तुझाच धाकटा,
आदेश

खर्च: तीन टीव्ही साडेतीस हजार, कडी एकशे वीस. देणं: दुकानाचे नऊ हजार आणि बंडूजींचे सातशे. बंडूजी आगाऊ घेत नाहीत. म्हणाले, "पोरगी घरी उतरली की देजो."