घोड्यामागचा गुलाबी डोंगर

ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार, आणि हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या भाऊजींना दोन नमस्कार. उजव्या डोळ्यावर पट्टी आणि डाव्याला चष्म्याविना काही दिसत नाही, अशा अवस्थेत तू घरभर वावरतेस असं कळलं. तसं करू नकोस. खाली वाकायचं नाही, शिंकायचं नाही आणि डोळे पुसायचे नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलेलं मीही एका पुस्तकात पडताळून पाहिलं, बरोबर आहे. कारखान्याची काळजी सोड. तू नाहीस तोवर तुझी व्हिक्टोरियन घोड्यांची आणि खेड्यांची चित्रं माझ्या देखरेखीखाली उत्तम चालली आहेत.

उत्तम म्हणजे, चालली आहेत.

तुला ठाऊकच आहे की मी आयुष्यभर व्यासपीठावरून एकच गोष्ट सांगत आलो: मूळ ते मूळ. त्यातला एक केसही इकडचा तिकडे करण्याचा कुणाला अधिकार नाही. (वाचनालयात यावर माझं तीन दिवस व्याख्यान झालं होतं. तिसऱ्या दिवशी श्रोते कमी होते, पण जे होते ते जागे होते.) तर सोमवारी मी कारखान्यात आलो. आभाळवाल्या काकूंनी आभाळ काढून कॅनव्हास पुढे सरकवायचा, गवतवाल्याने झाडं, कुरणं आणि घोड्याचं धड करायचं, आणि शेवटी खूरमास्तरांनी घोड्याला पाय आणि डोळे देऊन उरलेले कोपरे भरायचे, ही तुमची पद्धत मला आवडली. हॉटेलवाल्यांच्या बारा खोल्यांसाठी ओढ्यावर पाणी पिणाऱ्या एकाच तांबड्या घोड्याची बारा चित्रं शनिवारी द्यायची आहेत, आणि पहिलं तयार होतं. पुस्तकातल्या मूळ चित्राचा तू काढलेला फोटो भिंतीवर चिकटवलेला आहे, त्याच्याशी मी ते ताडून पाहिलं. फोटोत उजव्या कोपऱ्यात एक गुलाबी, गोलसर डोंगर आहे. खूरमास्तरांनी तिथे खुशाल गवत काढलं होतं.

मी स्टुलावर चढलो. (स्टूल नसतं तर बोललो नसतो, असं आता वाटतं.) चाळीस मिनिटं बोललो. जो मूळ चित्रात फेरफार करतो तो चोर, असं काहीसं वाक्य त्यात होतं, आणि ते म्हणताना माझं बोट खूरमास्तरांकडे होतं. त्यांनी ब्रश धुतले, पुसले, फडक्यात गुंडाळले. मला म्हणाले, "चित्रात जे दिसतंय ते सगळं काढायचं ना? काढतील ही मंडळी. मी आता नातवाला खेळवतो." आणि बावीस वर्षं तुझ्याकडे काम केलेला माणूस जिना उतरून गेला. बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, भाषण लागू पडलं.

पडलं होतं. अकरा चित्रांत अकरा गुलाबी डोंगर उगवले. संध्याकाळच्या उन्हाने डोंगर असे दिसतात, हे मी हॉटेलवाल्यांना बोलावून समजावूनही सांगितलं. त्यांनी विचारलं की घोडा त्या डोंगराला बघून पळणार आहे का. पळणं शक्य नव्हतं. घोड्यांचे पाय खूरमास्तरांशिवाय कुणालाच जमत नाहीत, त्यामुळे गवतवाल्याने गवत घोड्यांच्या पोटापर्यंत वाढवलं आहे. मूळ चित्रात तसं नाही, पण मी कोणत्या तोंडाने बोलू?

शेवटी काकूंना विचारलं, डोंगराच्या माथ्यावर हे चकाकणारं तळं आहे का? काकू म्हणाल्या, "डोंगर कसला? बाईंचा, तुमच्या ताईंचा अंगठा आहे तो. फोटो काढताना आला. तळं म्हणताय ते नख, त्यावर पत्रा लागल्याची रेघ बघा." मग आधी का नाही सांगितलंत? "सांगायला मध्ये जागा कुठे होती? आम्ही दर वेळी गाळतो. तुम्ही सगळं म्हणालात, सगळं काढलं."

ही आज्ञाधारकता की सूड, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी खूरमास्तरांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, नातू माझ्या मांडीवर ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माफी इथं नको. जिथं बोललात तिथंच मागा. आणि तितकाच वेळ." चेष्टा होती की अट, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. ते आले नाहीत तर शनिवार गेला, आणि शनिवारपेक्षा मोठं म्हणजे, पट्टी सुटल्यावर तुला त्यांचं रिकामं स्टूल दिसेल. म्हणून रोज आरशासमोर तयारी करतो. "माझी चूक झाली" इथपर्यंत येतो. पुढे गेलो की त्याचं व्याख्यान होतं, आणि विसाव्या मिनिटाला चूक पुन्हा त्यांचीच ठरते. काकूंनी दाराआडून ऐकलं. म्हणाल्या, छान आहे, पण ऐकायला त्यांना बोलावू नका.

तुझा,
धाकटा

ता. क. भाऊजी, "उत्तम म्हणजे" पासून पुढचं ताईला वाचून दाखवू नका. रडणं डोळ्याला वाईट. हसण्याबद्दल पुस्तकात काही नाही. (ही सूचना वर लिहायला हवी होती, हे आत्ता लक्षात आलं.)

ता. क. दुसरा. वाचून झालंच असेल तर ताई, एवढंच कळव: बावीस वर्षांत तुझं कधी चुकलं तेव्हा तू त्यांना काय म्हणायचीस? तू चार शब्दांपेक्षा जास्त बोलत नाहीस. तेच चार पाठव.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करणार तोच खूरमास्तर आले. सगळ्यांसमोर मी "माझी चूक झाली" म्हणालो आणि तिथेच अडकलो. त्यांनी वाट पाहिली. मग म्हणाले, बरं, बाकीचं राहू द्या, आणि फडक्यातले ब्रश सोडवले. आता घोड्यांना पाय येताहेत. पण खूरमास्तर गुलाबी डोंगराच्या कोपऱ्याशी आले की थांबतात. "मी तिथं मनानंच गवत काढत आलो, साहेब. मूळ चित्रात काय आहे, ते तुम्ही सांगा. तेच काढतो." ज्या पुस्तकातून फोटो काढलास ते तू केव्हाच परत केलंस. काकू, गवतवाला, सगळे हात थांबवून माझ्याकडे बघताहेत. तेव्हा वरचं सगळं असू दे. ताई, तुझ्या अंगठ्याखाली काय होतं, तेवढं फोनवर सांग.