साळूला न्यायची गाडी

११ ऑगस्ट, सोमवार

निर्णय झाला. यंदा सारंगखेड्याच्या जत्रेत साळू विकायची. घोडीला वैरण मी घालू शकते, पण घोडी सांभाळायला वेडा माणूस लागतो. तो आता घरात नाही. भावनेचा प्रश्न नाही. एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आहे.

तिला पायी न्यायची नाही. हे दरवर्षी तिला पायी जत्रेला न्यायचे, चार लोकांकडून भाव ऐकायचे आणि न विकता परत आणायचे. मागच्या डिसेंबरात परत येताना घरापासून चार किलोमीटरवर, पाटाच्या निंबापाशी पडले. उसाच्या बैलगाडीतून घरी आणले. घोडी मागून चालत आली. बाकी सगळ्यांना माहीत आहे, इथे लिहायचं कारण नाही.

म्हणून गाडी. डिझेल, फोर व्हील ड्राइव्ह, वापरलेली पण उत्तम. मागे ट्रॉली. यांनी गॅरेजवाल्या सलाउद्दीनकडे घोड्याची ट्रॉली करायला टाकली होती, ती अर्धवट पडून आहे. ती पूर्ण करायची. जत्रा वीस किलोमीटरसुद्धा लांब नाही. पण प्रश्न अंतराचा नाही, पद्धतीचा आहे.

यांचा नंबर फोनमधून काढायचा आहे. उद्या.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पुण्याहून भूपेशचा फोन. म्हणतो, आई, एका दिवसासाठी पिकअप भाड्याने मिळते, लाखांची गाडी कशाला? मी म्हटलं, भाड्याची गाडी वेळेला मिळत नाही. वेळेला आपली गाडी दारात उभी हवी.

मग म्हणाला, बरं आई.

मुलगा समजूतदार आहे. पटलं की वाद घालत नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

आलेख कागदावर तक्ता केला. तीन उमेदवार. जपानी: मरत नाही, त्यामुळे मालक विकत नाही. इंग्रज: दिसायला देखणा, कायम आजारी. जर्मन: साडेतीन टन ओढतो. साळू चारशे किलोसुद्धा नाही. ट्रॉली धरून टनभर. भरपूर राखीव ताकद राहते. जर्मन पास.

सलाउद्दीनला दाखवला. शहाद्याला त्याचं गॅरेज आहे. माझा ९३ सालचा विद्यार्थी, दहावीला विज्ञानात काठावर पास. म्हणाला, बाई, घोडी नेणार आहात की साखर कारखाना? मी विचारलं, फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणजे काय, सांग. त्याला सांगता आलं नाही. तेव्हाही येत नव्हतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

कपाट आवरताना यांची वही सापडली. ‘घोडं कसं पाहावं’. अक्षर भयंकर. मुद्दे सहा: दात. खूर. नजर. चाल. उठबस. आणि सहावा, दोनदा अधोरेखित केलेला: पोटाखालचा भोवरा. वाकून पाहिल्याशिवाय हो म्हणू नये, मालक कितीही घाई करो.

पहिले पाच मुद्दे शास्त्राला धरून आहेत. गाडीलाही लागू होतात: टायर, चाकं, दिवे, ड्राइव्ह, सस्पेन्शन. सहावा मुद्दा लाल पेनाने खोडला आणि शेजारी ‘अवैज्ञानिक’ असं लिहिलं. केसांच्या भोवऱ्यावरून नशीब सांगणारी जमात. यांच्याशी बत्तीस वर्षं याच विषयावर वाद होता. आज पहिल्यांदा उलट उत्तर आलं नाही.

संध्याकाळी सहा दहाला साळू फाटकाशी जाऊन उभी राहिली. कान रस्त्याकडे. रोज उभी राहते. जनावराच्या शरीरात घड्याळ असतं. त्याला शास्त्रीय आधार आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

सुरत. गाडी मिळाली. काळी जर्मन, अकरा वर्षांची. दिल्लीला डिझेल गाडीला दहा वर्षं झाली की निवृत्त करतात, म्हणून ती इकडे आली. अंगात ताकद असताना निवृत्ती. मला तिच्याबद्दल लगेच आदर वाटला.

पाचही मुद्दे तपासले. दात चांगले. खूर चारही नवे. दलालाला गोल चक्कर मारायला लावली, मग सरळ, मग उलटी. चाल उत्तम. मागच्या दारावर ४x४ लिहिलेलं आहे, ते वाचून घेतलं. सलाउद्दीन सोबत होता. म्हणाला, बाई, रॅम्पवर चढवून एकदा खालून बघू द्या. दलाल म्हणाला, रॅम्प आज बंद आहे आणि दुसरी पार्टी वाटेत आहे. मी सलाउद्दीनला म्हटलं, पोटाखाली काय भोवरे शोधायचे आहेत का?

त्याने हातातली टॉर्च खिशात घातली.

दलालाचे वडील सारंगखेड्याला घोडे घेऊन यायचे. म्हणून सौदा रुमालाखाली बोटं दाबून केला. ती खूण मला येते. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात यांनी ओट्यावर बसून शिकवली होती, सासूबाई आत असताना. किती बोटं म्हणजे किती, हे शिकवायला दोन तास लावले होते. मंद विद्यार्थिनी समजले असतील.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पहाट, ५.४०. अंगणात कोणीतरी सुस्कारा टाकला.

उंच माणूस गुडघ्यावर हात ठेवून ओट्यावर टेकतो तेव्हा येतो तो आवाज. लांब, शेवटी जरा तुटणारा. मी उठले. टॉर्च घेतली. कोणी नव्हतं. गाडी होती. पण काल संध्याकाळपेक्षा वीतभर खाली.

कालीबाई शेण काढायला आली. गेली वीस वर्षं गोठा तीच पाहते. म्हणाली, माय, गाडी बठी गयी. मग चुळबुळत म्हणाली, आप्पा बी अशेच बठेत. यांना सगळे आप्पा म्हणायचे.

एअर सस्पेन्शन. हवा हळूहळू सुटते. सलाउद्दीनकडून फोनवर खात्री करून घेतली. बी.एस्सी., १९८१. भूतखेत मानत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दुसरी किरकोळ बाब. दार उघडलं की ड्रायव्हरची सीट आपोआप मागे सरकते. पार मागे. पहिल्या मालकाची उंची किल्लीत साठवलेली आहे. मी बटण दाबून पुढे घेते, उतरून परत चढले की पुन्हा मागे. तो माणूस सहा फुटांचा असावा. हे सहा फूट एक इंच होते.

सलाउद्दीन म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे, पुसून टाकतो. मी म्हटलं, इतकी घाई नाही. आधी ट्रॉलीचा हुक बसव.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

गाडीची पूजा. यांच्या रिवाजाप्रमाणे घोडीचीही. साळूने गाडीच्या बॉनेटवरचा झेंडूचा हार खाल्ला. कालीबाई हसून हसून खाली बसली. मी हसले नाही. जर्मनलाही फरक पडला नाही.

नंतर साळू ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली. आत तोंड घालून मागे सरकलेली सीट हुंगत राहिली. बराच वेळ.

चामडं आहे. जनावरांना चामड्याचा वास आवडतो.

२९ ऑक्टोबर, बुधवार

रोज सकाळी गाडी चालवण्याचा सराव. पुरुषोत्तमनगरपर्यंत जाते आणि परत येते. पाटाचा रस्ता टाळते, तिथे खड्डे आहेत. कालीबाई म्हणते, तठे खड्डा नहीत, माय, नवीन डांबर शे. तिला रस्त्यातलं काय कळतं?

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. सलाउद्दीन म्हणतो, धुराचा फिल्टर कोंदतोय, गाडीला लांब पळवा बाई, हिला जवळच्या फेऱ्या सोसत नाहीत. मी म्हटलं, नेमकी कुठे पळवू?

फोनमधून यांचा नंबर काढायचा राहिला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ट्रॉली पूर्ण. निळा रंग, आत रबराची चटई, वाऱ्यासाठी झडप. चांगलं काम. सलाउद्दीनला तसं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असेल, कारण तो घाबरला.

मग म्हणाला, बाई, आप्पांनी ही दोन वर्षांपूर्वी का टाकली, माहीत आहे? गुडघे गेले होते त्यांचे. पण पायी नेण्यात शान आहे म्हणायचे. मला म्हणाले, बाईंना गुडघ्याचं सांगू नकोस, घोडीच विकायला लावतील.

मी म्हटलं, मी कशाला विकायला लावेन?

त्याने ट्रॉलीच्या कडीला तेल घातलं. आधीच घातलेलं होतं.

पूर्णतेसाठी नोंद करते, पुन्हा करणार नाही. १८ डिसेंबर, संध्याकाळी ५.५२, यांचा फोन, कालावधी ४१ सेकंद. हे म्हणाले, आज पाय उचलत नाहीत गं, कोणाची गाडी मिळते का बघ. मी भाजी चिरत होते. मी म्हटलं, हौस तुमची आहे, गेलात तसे या. हे हसले. ठीक आहे बाई, म्हणाले. शाळेतल्या मुलांसारखं मला कधीकधी बाई म्हणायचे.

सहा दहाला पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचा फोन आला.

१ डिसेंबर, सोमवार

तयारी. चार तारखेला जत्रेची सुरुवात. सात तारखेला, तिथीप्रमाणे, यांचं वर्षश्राद्ध, भूपेश येणार आहे. त्याआधी सगळं आटोपलेलं असावं. वेळापत्रक फाटकाला लावलं:
७.०० साळू ट्रॉलीत. ७.०५ प्रस्थान. ७.४० सारंगखेडा. दुपारपर्यंत विक्री.
अडचण दिसत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्त जयंती

७.००. साळू ट्रॉलीत चढली नाही.
७.३०. गूळ दाखवला. गूळ खाल्ला. चढली नाही.
८.१५. सलाउद्दीन आणि कालीबाई मागून, मी पुढून. चढली नाही. कालीबाई म्हणाली, माय, तिले पायीच जानं शे. आप्पानी सवय लायेल शे.
९.००. वेळापत्रकात बदल. कालीबाई साळूला धरून पुढे चालणार. मी गाडीत, मागे रिकामी ट्रॉली. सलाउद्दीन गॅरेजला गेला. जाताना हसत नव्हता, पण खांदे हलत होते.

ताशी पाच किलोमीटर. साडेतीन टन ओढणारी जर्मन घोडीच्या शेपटीमागे. उसाच्या गाड्या ओव्हरटेक करत होत्या. बैलगाड्यासुद्धा.

पाटाच्या निंबापाशी साळू थांबली.

कालीबाईने ओढलं, थोपटलं, शिव्या दिल्या. हलेना. मागे ऊसगाड्यांची रांग लागली. रस्ता मोकळा करायला मी गाडी बाजूला घेतली. पाटाला पाणी सुटलेलं, काळी माती भिजलेली. बटण दाबून फोर व्हील लावली. दिवा लागला. ॲक्सिलरेटर दिला. मागची दोन चाकं फिरली, पुढची दोन शांत. गाडी जागच्या जागी दारापर्यंत बसली. सुस्कारा टाकून.

एका बैलगाडीतून रेवजी उतरला. धडगावकडचा ऊसतोड्या, दर हंगामाला इकडे येतो. गाडीभोवती फिरला. म्हणाला, बाई, एवढी मोठी गाडी, अन् बैलस्ना जीववर! बैल सोडून आणले. जू बांधलं. दोन बैलांनी एका दमात बाहेर काढली. मी पैसे पुढे केले. घेईना. बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, मांगला साल आप्पास्ले बी याच बैलस्नी घर लई गयथात.

अकरा महिन्यांत मी कोणालाच विचारलं नव्हतं की बैलगाडी कोणाची होती.

मी त्याला विचारलं, तेव्हा हे काही बोलले का. रेवजी म्हणाला, नही बाई. फक्त घोडी सोडू नका, एवढंच बोलनात.

मी निंबाखाली बसले. साळू जवळ आली. तिने मान खाली घातली, मग रस्त्याकडे तोंड केलं. जत्रेच्या नव्हे, घराच्या. कालीबाई चहा आणायला टपरीवर गेली होती. मी दोरी घेतली.

चार किलोमीटर. मध्ये तीनदा थांबले, गुडघ्यांसाठी. दर वेळी साळूही थांबली, मी सांगितलं नसताना. घरी पोचेपर्यंत एक तास वीस मिनिटं. गाडी असती तर सात मिनिटं लागली असती.

५ डिसेंबर, शुक्रवार

सलाउद्दीनने गाडी आणली. जॅकवर चढवून खाली शिरला. बऱ्याच वेळाने आतूनच बोलला. बाई, पुढच्या चाकांना जाणारा शाफ्टच नाही. कोणीतरी काढून ठेवलाय. दिल्लीतच काढला असेल. दिवा लागतो नुसता.

त्याच्याशेजारी वाकून पाहिलं. पोटाखाली रिकामी जागा. हात घातला तर आरपार गेला. सलाउद्दीन वर बघत नव्हता. सुरतेचं काही बोलला नाही. त्याला दहावीला अजून चार मार्क द्यायला हवे होते.

वही काढली. सहाव्या मुद्द्यावरची लाल रेघ पुसायचा प्रयत्न केला. पेनाची आहे, पुसली जात नाही.

साळू विकायची नाही. गाडी विकायला काढायची. सलाउद्दीन म्हणाला, काढण्याआधी ती सीटची मेमरी पुसून देतो, गिऱ्हाईक हसेल. मी म्हटलं, सोमवारी बघू.

संध्याकाळी सहा दहा. फाटकाशी साळू उभी राहिली नाही. गोठ्यातच वैरण खात होती. मी अंगणात होते. गाडीचं दार उघडलं आणि चढून बसले. सीट मागे सरकली. माझे पाय कुठेच पोचत नव्हते. पुढे घेण्याचं बटण उजव्या हाताशीच आहे.

कालीबाईने दोनदा हाक मारली, माय, च्या थंडा व्हई ऱ्हायना.