ताटाची डावी बाजू

खडकी,
३ फेब्रुवारी

चि. नम्रता हिस, अनेक आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून कागद. तुझ्या कॉलेजची पोरं परवा आली. जीभ जड झालेल्या रुग्णाला चित्र दाबून हवं ते मागता यावं, असं त्यांनी केलेलं काहीतरी टॅबवर दाखवलं. तुझ्या काकूला ‘पाणी’ दाबायला सांगितलं आणि सगळी गप्प! ती बिचारी भलतंच दाबत राहिली, शेवटी रडली, पण एकानेही बोट धरून दाखवलं नाही. हेच का गं तुझं स्क्रीन-डिझाइन शिकवणं?

बाकी काय लिहू. तिला पक्षाघात झाल्यावर स्वयंपाक मीच शिकलो. तिच्या आवडीची कारळ्याची चटणी वाटतो, तिच्याच रीतीने मिठाशेजारी वाढतो. ती शिवतसुद्धा नाही. पलंगाशी खुर्ची टाकून दिवसभर बसतो, तर तोंड पलीकडे, खिडकीकडे. विटली असेल मला. महिनाअखेरीस तिला शुश्रूषा केंद्रात ठेवतो. तिथे तरी खूश राहील.

तुझा,
महिपतीकाका

वारजे,
८ फेब्रुवारी

ती. काकांना शि. सा. न.

फोनवर तुम्ही मला बोलू दिलं नसतं, म्हणून मीही कागदच. गप्प बसायला मीच शिकवते. आपण मदत केली की माणूस नेमका कुठे अडतो ते कळत नाही, आणि वाईट स्क्रीनचा दोष त्याच्या माथी बसतो. पण काकू रडल्यावर थांबायला हवं होतं. ते शिकवायचं माझं राहिलं.

सृष्टी नावाच्या मुलीने मात्र एक टिपलं. काकूंनी दाबलेली सगळी चित्रं उजवीकडची होती. ‘पाणी’ डावीकडे होतं, तिकडे त्या वळल्याच नाहीत. मी त्यांच्या फिजिओथेरपिस्टना विचारलं. त्या म्हणाल्या, असं होतं. डोळे धड असतात, पण डावी बाजू माणसाच्या ध्यानातच येत नाही.

काका, चटणी आपण डावीकडेच वाढतो ना? आणि तुमची खुर्ची कुठल्या बाजूला असते?

केंद्राचं जरा थांबवा. रागावलात तरी लिहीत राहा.

तुमची,
नम्रता

खडकी,
१४ फेब्रुवारी

चि. नम्रता हिस, आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि तिच्यापुढचं ताट नुसतं फिरवलं. बाईसाहेबांनी चटणी चाटूनपुसून खाल्ली, वर मीठ कमी म्हणून सुनावलं. केंद्राला नको म्हणून कळवलंय. पोरांना पुन्हा पाठव. या खेपेला मीही गप्प बसेन.

जेवण झाल्यावर खुर्ची उचलून खिडकीखाली नेली. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग जड जिभेने विचारलं, इतके दिवस होतात कुठे?

म्हाताऱ्यांवर माया राहू दे.

महिपतीकाका