टाकीखालचा नट

खडकी,
१८ मार्च २०२५

आदरणीय ताई,
सविनय जयभीम वि. वि.

तुझ्या पायाचं प्लास्टर अजून तीन आठवडे राहणार, असं तुझी लेक अक्षता म्हणाली. म्हणजे तीन आठवडे कोथरूड शांत. ती डबा घेऊन आली आहे, तिच्याच हाती हे पत्र देतो. फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि स्पीकरवर टाकला की जयालाही ऐकू येतं. नवऱ्याची बायकोपासून काही खाजगी बाब असू शकते, हे आमच्या घरात मान्य नाही.

बाबांचा ट्रक चालू करायला घेतलाय. जागामालकाने महिनाअखेरची मुदत दिली. चालवत नेली तर गाडी आपली, नाहीतर भंगारवाला कापून नेणार. दर दसऱ्याला आख्खी गल्ली नागपूरला दीक्षाभूमीवर नेलेली गाडी. अकरा वर्षं उभी राहिली म्हणून तिचे पत्रे किलोवर कसे विकू? इंजिन ठीक वाटतं, घसा तेवढा बसलाय. टाकीत काकवीसारखा गाळ, फिल्टर चोंदलेले, नळ्यांतून फुंकरही जात नाही.

परवा टाकी रिकामी करायला घेतली, बाबांच्या पद्धतीने. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात, आणि दमदार झुरका. डिझेल तोंडाने ओढत नाही तो ड्रायव्हर नव्हे, पाहुणा, हे त्यांचं वाक्य तुला आठवत असेल. माझा दम जरा जास्तच निघाला. घोटभर आत गेलं, ठसका लागला. मिठाचं पाणी पिऊन ओकून काढलं. आता ढेकरांना डिझेलचा वास येतो, थोडा ताप आहे, थोडा खोकला. जयाला सांगितलंय, नव्या पंख्याने सर्दी झाली. तू नर्स होतीस म्हणून विचारतो, हे किती दिवस चालतं? आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, म्हणून मी बसूनच झोपतो.

लोभ आहे तेवढा पुरे, ओरडा तेवढा कमी पाठव.

तुझा,
सुखदेव


कोथरूड,
१८ मार्च, दुपारी तीन

चि. सुखदेव यास,
मंगलकामना वि. वि.

पत्र वाचून लगेच फोन केला. तू म्हणालास, ठीक आहे, सर्दी आहे; आणि तेवढ्यात तीनदा दम घेतलास. मी मोजले. पस्तीस वर्षं वॉर्डात तेच केलं. शेजारी जया होती म्हणून तू हसलास. लिहिलेलं हसून उडवता येत नाही, म्हणून लिहिते.

डिझेल पोटात गेलं तर निभावतं. श्वासनळीत गेलं की फुप्फुस सुजतं. ठसका लागला तेव्हा ते एकदा गेलं, आणि मीठपाणी पिऊन ओकलास तेव्हा दुसऱ्यांदा. एक चूक पुरली नाही म्हणून तू तिच्यावर उपचार केलास. किती दिवस चालतं, विचारतोस. माझ्या वॉर्डात असाच एक क्लीनर आला होता. त्याच्या खाटेचा नंबर मला आठवतो. पुढचं लिहीत नाही.

आणि बाबांचा तो शेवटच्या वर्षांतला खोकला आठव. गल्लीने बिडीला दोष दिला, आपण माना डोलावल्या. बाबांनी जन्मात बिडी ओढली नव्हती, सुखदेव. मी नर्स असून तेव्हा एक प्रश्न विचारला नाही.

या पत्राची दुसरी प्रत अक्षता जयाच्या हातात देणार आहे. चुगली म्हण हवं तर. तू हॉस्पिटलला जायला रिक्षात बसेपर्यंत अक्षता दारातून हलणार नाही. हट्ट माझ्यावर गेलाय तिचा.

लोभ करायला समोर माणूस लागतो. तेवढी सोय ठेव.

तुझी,
ताई


हॉस्पिटल, खाट क्रमांक अकरा,
२२ मार्च २०२५

आदरणीय ताई,
सविनय जयभीम वि. वि.

फोनच केला असता, पण हे यांच्यासमोर बोलता येत नाही, आणि यांना सोडून बाहेर जायला पाय निघत नाही. म्हणून अक्षताकडे चिठ्ठी देते.

उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग फोटोत पांढरा दिसतो. बोटाला लावलेल्या यंत्रात काल ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशी होता, आज मास्क लावून ब्याण्णव. अजून दोन दिवस काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी आकड्याकडे बघत बसते. तुमची प्रत आली नसती तर मी आल्याचा काढाच पाजत बसले असते. पंख्याने सर्दी झाली म्हणे. मी तो पंखा दोन दिवस बंद ठेवून घामाने भिजले, ताई. घरी आले की यांच्याशी त्यावर बोलायचं आहे.

काल आंघोळीपुरती घरी गेले, तर बाबांच्या गाडीवरचे जुने क्लीनर रंगराव आले होते. ते सरळ गाडीखाली आडवे झाले, टाकीच्या तळाचा चिखल खरवडला आणि पान्याने एक नट फिरवला. सगळा गाळ आपसूक खाली डब्यात, गंजाचे पोपडे आणि काळं पाणी. मी विचारलं, हा नट नवा का? म्हणाले, गाडीबरोबरच आलाय. मग जन्मभर तोंड का लावलं, विचारलं. तर म्हणाले, वहिनी, त्याला गाडीखाली आडवं पडावं लागतं. आडवं पडतो तो क्लीनर, असं बाबा म्हणायचे.

मग त्यांनी फिल्टर बदलले, नळ्या हवेने फुंकल्या, आतली हवा काढली, शेजारची बॅटरी लावली. तिसऱ्या खेपेला काळा धूर सोडून गाडी सुरू झाली. गल्ली गोळा झाली. मी एकटीच रडले.

आज यांनी हातांनी हवेत स्टिअरिंग फिरवून दाखवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मी सांगितलं, नाही झाली सुरू. रंगरावांना जमत नाही, तुमचीच वाट बघतायत. कपाळाला आठ्या घालून यांनी मास्क नीट बसवला. तुम्हीही हेच सांगा. चौतीस वर्षांत हा माणूस काम अर्धवट टाकून कधी उठलेला नाही. सध्या मला तेवढाच आधार आहे.

माया आहे तशीच असू द्या. आणि गाडी बंद आहे, विसरू नका.

तुमची,
जया