पहाटेचा चार्ज

प्रिय आबा,

खरं तर 'तीर्थरूप' लिहायला हवं होतं. पण शर्यत चालू असताना तुम्ही तीर्थरूप वगैरे कधी नव्हतातच, नुसते भांडखोर होतात. आणि हे पत्र शर्यतीबद्दलच आहे.

काल संध्याकाळी संपली. फ्रान्समधली आपली ती चोवीस तासांची. जो शेवटपर्यंत जागा राहील त्याने दुसऱ्याला चार्ज द्यायचा, कोण पुढे, कोण बंद पडलं, कुणी कुणाला घासलं, सगळं सांगूनच उठायचं, हा नियम तुमचाच. आंबीच्या आमच्या कारखान्यात शिफ्ट बदलताना चार्ज देतात, हे मी एकदा सांगितलं आणि तुम्ही तो शब्द उचललात तो कायमचाच. आज दिवसभर मशिनवर उभी होते आणि डोक्यात एकच, कालचा चार्ज द्यायचा राहिलाय! म्हणून घरी आल्या आल्या कागद घेतला.

तुम्हाला पहिला दिवस आठवतो का? लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी लोणावळ्याची, भुशीच्या रस्त्यावर वडिलांचं टायरचं दुकान, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग बघत मोठी झालेली. गाड्यांचं वेड तिथलंच. पण इंदुरीत सून म्हणून आल्यावर टीव्हीवर गाड्यांची शर्यत लावायची कशी? घरात कुणी नाही असं बघून लावली, आणि नेमके तुम्ही शेतावरून लवकर आलात. मी रिमोट शोधत होते, तुम्ही उंबऱ्यातच थबकलात आणि ओरडलात, "अगं, ह्या समद्यांना एकदमच सोडलं? चेंगराचेंगरी व्हईल की!"

आपल्याकडे घाटात, म्हणजे बैलगाड्याच्या शर्यतीच्या चढावर, एका वेळी एकच गाडा पळतो. स्पर्धा घड्याळाशी. तुमच्या डोळ्यांना तीच सवय. आणि त्या वर्षांत तर त्या शर्यती बंदच होत्या. तुम्ही उपाशी होतात, आबा, दुसरं काय! पायातल्या चपला न काढता टेकलात ते जेवायला हाक येईपर्यंत.

मागे पडणाऱ्या गाड्या हरतायत असंच तुम्हाला बरेच दिवस वाटायचं. तुम्ही त्यांची कीव करायचात. मग मी समजावलं की एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या गटांच्या गाड्या पळतात, त्या हळू दिसणाऱ्यांची शर्यत त्यांच्या आपसातली आहे. तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "मंग आपल्या गटात पयला तो पयलाच की!" त्या दिवसापासून तुमची पिवळी गाडी ठरली. भंडाऱ्याचा रंग आहे, एवढंच कारण. माझी लाल गाडी सगळ्यांत वरच्या गटातली, तिला टीव्हीवाले सारखं दाखवायचे, आणि तुम्ही म्हणायचात की ती दिखाऊ आहे. दिखाऊ! तीनदा जिंकली तरी तुमचं मत हललं नाही.

आपलं सगळ्यांत मोठं भांडण वजनावरून. जी गाडी फार वेगात जाते तिच्यावर संयोजक जास्तीचं वजन चढवतात, म्हणजे सगळ्या साधारण बरोबरीने पळाव्यात, हे कळलं तेव्हा तुम्ही ताटावरून उठायचे बाकी होतात. "जोरकस बैलाच्या गळ्यात लोढणं बांधत्यात व्हय? आन् त्याला शर्यत म्हनत्यात?" मी म्हटलं, आबा, नाहीतर एकच कंपनी दरवर्षी जिंकेल, बाकीचे कंटाळून घरी जातील, मग बघायचं काय? तुम्ही म्हणालात, बाकीच्यांनी बैलं सुधारावीत. हे भांडण आपलं कधीच मिटलं नाही. आता सांगते, निम्मं तुमचं खरं होतं. निम्मंच हं!

चालवण्याच्या ढंगाबद्दलही तेच. मला शेवटच्या क्षणी ब्रेक दाबून आतून घुसणारा आवडतो. काळीज तोंडात येतं, पण मजा त्यातच आहे की! तुमचं म्हणणं, मागे टाकावं पण ज्याला मागे टाकतोय त्याची गाडी हलता कामा नये. "त्याला कळलंबी न्हाई पायजे, कवा पुढं गेला त्ये." असा कुणी दिसला की तुम्ही बोट नाचवत मला दाखवायचात. एका गाडीला तीन-तीन चालक असतात, हेही तुम्हाला फार आवडायचं. जिंकला कोण, असं मी विचारलं तर म्हणायचात, गाडी जिंकली.

आणि ती दिव्याची गाडी! अपघात झाला की रस्ता साफ होईस्तोवर डोक्यावर दिवे लावलेली ती सेफ्टी कार सगळ्यांच्या पुढे येते, आणि तिच्या मागे रांगेने हळूहळू चालावं लागतं. कुणी कुणाला मागे टाकायचं नाही. मला तिचा मनापासून राग. बिचाऱ्याने रात्रभर घाम गाळून मिळवलेली आघाडी ती पाच मिनिटांत पुसून टाकते. स्पर्धेचा पार विचका! मी चहा ठेवायला उठायचे. तुम्ही मात्र सरळ होऊन बसायचात. "थांब की. बघ तो कसा चालवतोय." काय बघायचं त्यात, आबा? तो शर्यतीतसुद्धा नाही! मग ती गाडी बाजूला वळून आत गेली की तुम्ही दरवेळी तेच बोलायचात. "झालं त्याचं काम. आता घरी जायाचं. घरी वाट बघनारं मानूस असलं की बक्षीस कशाला पायजे?"

मी आतून ओरडायचे, "आबा, तुम्ही चुकीच्या गाडीवर प्रेम करताय!" तुम्ही नुसते हसायचात.

मागच्या थंडीत तुम्ही गेलात. चार्ज न देता गेलात, हे मी विसरणार नाही.

त्यानंतर आत्या पुढच्या खोलीत बसेनाशाच झाल्या. माझ्या सासूबाई, पण तुमच्या अर्ध्या शतकाच्या सोबतीण, त्यांच्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? जेवण मागच्या पडवीत, झोपणं आत. टीव्ही कुणालातरी देऊन टाका म्हणाल्या. जून लागला तशी मी भीत भीत विचारलं की शर्यत लावू का. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "माझ्याशी सगळ्या जन्मात बोलले न्हाईत तेवढं तुझ्याशी त्या गाड्यांवर बोलले. मला त्यो आवाज नगं आता."

आबा, खरं सांगते. मला कधी सुचलंच नव्हतं की आपण दोघं पुढे बसून हसायचो तेव्हा आतल्या खोलीत कुणीतरी ते ऐकत असायचं. त्या चुलीपुढे मी इतकी परकी कधीच झाले नव्हते. शर्यत नको म्हणून मी परतले, तर मागून आवाज आला, "बघ. पन मुक्यानं."

म्हणून यंदा शर्यत मुकी लावली. तुमचा मुलगा थोडा वेळ बसला, अमोलला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तो आपला माझ्यासाठी बसला आणि जांभया देत झोपायला गेला. तुमची खुर्ची मी तशीच ठेवली होती. बसवेना त्यात. आवाज नाही, भांडायला माणूस नाही, लाल गाडी पुढे असून मला काही वाटेना. असं जर असेल तर पुढच्या वर्षी लावायचीच नाही, असं मनाशी ठरवत जमिनीवरच आडवी झाले. डोळा कधी लागला कळलं नाही.

जाग आली ती इंजिनांच्या आवाजाने. बाहेर उजाडत होतं. आणि तुमच्या खुर्चीत आत्या बसल्या होत्या! पदर डोक्यावर, हातात रिमोट.

"उठलीस? बस. आवाजाबिगर काय कळंना, म्हनून केला थोडा. तुझी लाल मागं पडली. ह्यांची पिवळी दुरुस्तीला गेलीय, आजून भायेर आली न्हाई." चार्ज, आबा! न चुकता, तुमच्या पद्धतीने. त्या आतून ऐकत होत्या ना इतकी वर्षं.

"आन् ती एक दिवेवाली आलीय. कवापासनं पुढं हाय, कुनालाच जाऊ देईना. तीच जितनार बग."

मला हसू आवरेना. म्हटलं, आत्या, ती शर्यतीत नाहीये. बाकीच्यांना नीट घेऊन जायचं एवढंच तिचं काम. मग बाजूला होते. तिला नंबर नसतो.

त्या माझ्याकडे वळल्या. "म्हंजी घोडीच की."

"कसली घोडी?"

"घाटात गाड्याच्या पुढं पळती ती. बैलं तिच्या मागनं पळत्यात. तिला कुटं नंबर असतोय?" मग टीव्हीकडे वळून म्हणाल्या, "हे बसायचे घोडीवर."

मला आधी कळलंच नाही कोण. मी तुम्हाला घाटाच्या दोरीपाशी उभे राहून ओरडणारे आबा म्हणूनच ओळखत होते. आपल्याकडे कधी गाडा नव्हता, म्हणजे तुम्ही नुसते शौकीन, असं मी धरूनच चालले होते. इतकं बोललात माझ्याशी, आणि हे एवढंच का नाही बोललात?

आत्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या माहेरच्या जत्रेत त्यांनी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते घोडीवरच. मागून चार बैल उधळलेले, आणि तुम्ही मागे वळून बघत, त्यांच्यापासून जरासं अंतर राखून पुढे. "गाडामालकाचं नाव भोंग्यावर घेतलं. ह्यांचं कुनी घेतलं न्हाई. मी मातुर ह्यांनाच बघत हुते." लग्नाची बोलणी चालू असताना त्यांच्या वडिलांनी अट घातली, घोडी सोडायची. पडलाबिडला तर माझ्या पोरीनं काय करायचं? तुम्ही सोडलीत. एका शब्दाने बोलला नाहीत.

"तवापासनं घाटाचं नाव काडलं न्हाई माझ्याम्होरं," आत्या म्हणाल्या. "मला वाटायचं, मनात धरून बसल्यात. माझ्यापायी सुटली म्हनून. आन् मंग तू आलीस तर तुझ्याशी मारं बोलत बसायचे."

आबा! इतक्या वर्षांचा त्यांचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे होतं! दरवर्षी तुम्ही ते मोठ्याने म्हणायचात आणि मी ते चहाच्या आधणाजवळ उभी राहून, चिडून ऐकायचे.

तेवढ्यात टीव्हीवर दिव्याची गाडी बाजूला वळली. मी म्हटलं, आत्या, ही आत गेली की आबा काय म्हणायचे, सांगू? आणि सांगितलं. अगदी तुमच्या शब्दांत. झालं त्याचं काम. आता घरी जायाचं. घरी वाट बघनारं मानूस असलं की बक्षीस कशाला पायजे.

"असं म्हनायचे?"

"दरवेळी."

"पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हैस हंबरली तशा उठल्या आणि दाराशी थांबून म्हणाल्या, "पिवळी भायेर आली तर हाक मार."

आता उरलेला चार्ज. लाल गाडी जिंकली नाही. शेवटच्या तासात तिला मागे टाकलं ते तुमच्या पद्धतीने, गाडी न हलवता, आणि मला ते आवडलं, लिहून देते. पिवळी दुपारी बाहेर आली. पुढचा भाग नवा, वेगळ्याच रंगाचा, चिकटपट्ट्या लावलेला. तिच्या गटातली ती शेवटची, पण संध्याकाळी रेघ ओलांडली तेव्हा आत्यांनी मला चिमटा काढला.

हे लिहिताना त्या शेजारीच तांदूळ निवडतायत. काय लिहितेस म्हणून विचारलं, तुम्हाला लिहितेय म्हटलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणाल्या, "लिव मंग. पहाटंला मी हुते म्हनावं. घोडीचं मला आजून आवडतं म्हनावं."

लिहिलं, आबा. आणि माझं वचन हे, की पहाटेची शिफ्ट यापुढे आत्यांची, तुमच्या खुर्चीसकट. तुम्ही त्या खुर्चीत बसून जे जे बोललात ते आठवेल तसं मी त्यांना देत जाईन, काही माझ्यापाशी ठेवून घेणार नाही. आणि दिव्याची गाडी आली की चहा ठेवायला उठणार नाही. तो कसा चालवतो ते बघेन.

तुमची भांडखोर सून,
मनीषा