साडेतेरा इंचांचा दस्ता

३ मार्च

चि. खुटखुट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

महिनाभर तुझं उत्तर नाही म्हणून ताईने कान धरायचं सोडलं असं समजू नकोस. हे जाऊन सात महिने झाले. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून सकाळी दूधवाल्यालाच धरते. तो बिचारा बोलता बोलता एकेक पायरी उतरत असतो.

कामाचं लिहिते. नेमबाजी क्लबच्या कपाटात ह्यांची छर्र्यांची बंदूक कुलपात पडून आहे. तिथले दातांचे डॉक्टर ती घ्यायला तयार आहेत, असं चिटणीस म्हणतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुझा जन्म बंदुका दुरुस्त करण्यात गेला, तेव्हा चांगली की भंगार हे कसं ओळखायचं ते लिही. मला ती घालवायचीच आहे. तीस वर्षं ह्यांचा प्रत्येक रविवार तिकडे गेला. खरं सांगू? ह्यांना बंदुकीपेक्षा माझ्यापासून लांब जायचीच ओढ होती, असं मला कायम वाटत आलं. हे दुसऱ्या कोणाला लिहिलं नसतं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
— ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

चिटणिसांकडून बंदूक उघडून, रिकामी असल्याची खात्री करून घे, मगच हात लाव. नळी उजेडाकडे धरून आत बघ. उजेडाच्या कड्या अखंड गोल दिसायला हव्यात. एखादी वाकडी दिसली तर तिथे पोचा आहे. मग बंद करून हलव. खुळखुळली तर सांधा झिजलाय. नक्षीवर भाळू नकोस, हौशी लोक तिथेच फसतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माप. रायफलला नेम धरायला सवड असते. क्लबात हवेत उडवतात त्या मातीच्या तबकडीला कसली सवड? तिच्याकडे बोट दाखवावं तशी बंदूक न्यायची, म्हणून ती अंगाला चपलेसारखी बसावी लागते. चापापासून दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकतं त्या लाकडाच्या, टोकापर्यंत टेप लावून कळव. डोळे मिटून खांद्याला लाव आणि मग उघड. नळीच्या टोकाचा मणी नेमका डोळ्यासमोर आला, तर ती त्या माणसाची. माप येईपर्यंत डॉक्टरांना शब्द देऊ नकोस. का, ते नंतर लिहीन.

इकडे मागच्या खोलीत मी आणि माझी कानस, दोघंच. तीही खरखरीतच बोलते. लोभ आहेच, तो गंजू नये.
— खुटखुट्या

१७ मार्च

चि. खुटखुट्यास आशीर्वाद.

गेले होते. नळी आतून आरशासारखी. खुळखुळ नाही. डॉक्टरांनी खांद्याला लावली, तर स्वतःचाच अंगठा स्वतःच्या नाकावर आपटला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. ही लहान मुलाची आहे का, म्हणून विचारलं. मला सात महिन्यांत पहिल्यांदा हसू फुटलं. ते काही हसले नाहीत.

मग मी डोळे मिटून लावली. उघडले तर मणी समोर. टेप म्हणते साडेतेरा इंच. हे ताडमाड, मी ह्यांच्या खांद्याला कशीबशी लागणार. मग ही मलाच कशी बसते? ह्यांना कोणी फसवलं का रे?

वाट बघते.
— ताई

२२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

फसवलं कोणी नाही. तो दस्ता मीच कापलाय.

अकरा वर्षांपूर्वी भावोजी कागदावर माप लिहून घेऊन आले होते. मी म्हटलं, हा तुम्हाला तोकडा पडेल. ते म्हणाले, माझ्यासाठी नाहीच मुळी, तुझ्या ताईसाठी आहे. लाजले होते चक्क. पुढे म्हणाले की आता नाही सांगत. तिने आपणहून येऊ का असं विचारलं तर सांगेन, तोवर तू तोंड उघडायचं नाहीस. दरवर्षी तेल द्यायला आणायचे. एकदाही उडवलेली नाही ती, म्हणून नळी आरशासारखी. त्यांच्या दोन बंदुका होत्या, त्यातली एक विकायचं म्हणत होते. कपाटात कोणती उरली हे मला माहीत नव्हतं, म्हणून माप मागितलं. पण सात महिने गप्प बसलो, हा माझा गुन्हा. भावोजींना शब्द दिला होता आणि तुझ्यासमोर धीर होत नव्हता.

रागाव, पण पत्र लिही.
— खुटखुट्या

४ जून

चि. खुटखुट्यास आशीर्वाद.

त्यानंतरची तुझी तिन्ही पत्रं पोचली. तुझ्यावर रागावले होते, अजूनही आहे.

ह्यांनी एकदा कोपरापासून बोटापर्यंत माझा हात मोजला होता. मला वाटलं, कोट शिवतायत. कोट काही आला नाही, म्हणून मी आठ दिवस धुसफुसत होते. त्याच आठवड्यात तुमच्या त्या ठो-ठोचं तोंडही बघायचं नाही मला, असं सुनावलं होतं. मी विचारीन म्हणून हे थांबले, आणि हे एकदा तरी चल म्हणतील म्हणून मी. अकरा वर्षं एका घरात दोघं एकमेकांची वाट बघत बसलो.

डॉक्टरांना नाही म्हणून कळवलं. परवान्याचे कागद व्हायला दोन महिने लागले. गेल्या रविवारी चिटणिसांनी उभं राहायला शिकवलं. पंचवीस तबकड्या सोडल्या, एक फुटली. फुटली तशी मी हसून मागे वळले, बघितलंत का म्हणायला. मागे नुसता बाक होता.

येत्या रविवारी येऊन त्या बाकावर बस.
— ताई