आत्याची चटई

दिवेआगर, पौष वद्य चतुर्थी, संध्याकाळ

हिला आणि मुलांना घेऊन तीन दिवस समुद्राच्या पुळणीवर राहुटीत राहिलो, आज परतलो. मुलं खूश आहेत. मी नाही.

राहुटी दुर्गीने शिवली होती, माझ्या जुन्या धोतरांची. निघताना मनीने विचारलं, "आत्या नाही येत?" मी म्हणालो, "आत्याला देवाचं असतं." खोटंच. विधवा बहिणीला उघड्यावर राहायला नेलं तर आळीत बोलतील, एवढंच मनात होतं. दुर्गी इतकंच म्हणाली, "दादा, कंदिलात तेल भरलंय."

तिथे मनीने एक चटई आत्यासाठी अंथरली आणि तिन्ही रात्री कुणाला तिच्यावर निजू दिलं नाही. मी रागावलो, तरी नाही. ती रिकामी चटई सारखी डोळ्यांसमोर येते. तेव्हाच उठून दुर्गीला घेऊन आलो असतो तर? कोण काय करणार होतं माझं? आणि शाळेत मी मुलांना खरं बोलायला शिकवतो.

मघाशी दुर्गी अंगणात राहुटी झटकत होती. मनीने सांगितलंच, "आत्या, तुझी चटई ठेवली होती आम्ही." दुर्गीचे हात थांबले. कापडातून पडलेली वाळू तिने तळहातावर घेतली, बोटाने पसरली. म्हणाली, "विसरलेच होते मी, इतकी बारीक असते ती."

आमच्या वाडीच्या कुंपणापासून पुळण दोनशे पावलांवर आहे. नवरा गेल्यावर दुर्गी परत आली, त्याला सात वर्षं झाली.